दहा वेळा, पण किती वजनाने?

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट. सुरुवातीला एक कागद वाचून दाखवते. पेशंटच्या परवानगीने जपून ठेवलाय, नाव-गाव झाकलंय. त्यावर इतकंच आहे: ‘शोल्डर एक्सरसाइज, १० वेळा, दिवसातून दोनदा, ३ आठवडे.’

हा कागद घेऊन ज्या बाई माझ्याकडे आल्या, त्या पोळीभाजी केंद्र चालवतात. रोज दोनशे-अडीचशे पोळ्या लाटायच्या, वरच्या फळीवरचे पिठाचे डबे काढायचे. उजवा खांदा आठ महिने दुखत होता. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ यायची, रात्री त्या कुशीवर झोपता यायचं नाही, वेणी घालायला लेकीला हाक मारावी लागायची. पिशवीतून त्यांनी असे तीन कागद काढले, तीन वेगवेगळ्या ठिकाणचे. म्हणाल्या, “ताई, व्यायाम सगळे करून झाले. व्यायामाने काही होत नाही. आता ऑपरेशनचंच बघा.”

मी म्हटलं, काय काय करता ते करून दाखवा. त्यांनी भिंतीवर बोटं चढवली. काठी दोन्ही हातांत धरून डोक्यावर नेली. मग पुढे वाकून, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात धरून, हात लोंबता सोडून झुलवला. तीन कागदांचे मिळून हे तीन व्यायाम. बाटली मोठी कधी घ्यायची, कुणी सांगितलेलं नव्हतं. दुखलं तर थांबायचं की चालू ठेवायचं, तेही नाही. म्हणून दुखलं की त्या थांबायच्या, आणि दुखायचं तर रोजच. आठ महिन्यांत त्या खांद्याच्या स्नायूंवर म्हणावा असा भार पडलाच नव्हता. तरी त्यांच्या मनात आणि फाइलमध्ये नोंद पक्की झाली होती: व्यायामाचा उपयोग नाही.

त्या दिवशी मला कागद लिहिणाऱ्यांचा राग आला. रात्री शोधनिबंध काढून बसले, या बाईंना नेमकं काय द्यावं ते शोधायला. नावाजलेल्या जर्नलांमधल्या चाचण्या, म्हणजे ज्यांना आपण क्लिनिकल ट्रायल म्हणतो त्या. निबंधामागून निबंध वाचत गेले आणि राग हळूहळू उतरला, त्याची जागा काळजीने घेतली. कारण तिथेही बहुतेक ठिकाणी तोच कागद होता. भाषा भारदस्त, पण मजकूर तेवढाच: ‘फिजिओच्या देखरेखीखाली बळकटीचे आणि ताणाचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे.’ कुठला व्यायाम? वजन किती? वाढवलं कधी? दुखल्यावर काय केलं? घरी किती जणांनी खरंच केला? उत्तर नाही. मूळ चाचणीतच नाही, तर गावातल्या फिजिओच्या कागदावर कुठून येणार?

आज मला एवढ्याच गोष्टीबद्दल बोलायचंय. समोर फिजिओथेरपीचे विद्यार्थी आहेत, काही डॉक्टर आहेत, आणि खांदेदुखीने त्रासलेली मंडळीही बरीच दिसतात. हा विषय तुम्हा सगळ्यांच्या कामाचा आहे.

आधी खांद्याबद्दल थोडं. खांद्याची खोबण फार उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर बशीवर ठेवलेल्या संत्र्यासारखा असतो. म्हणून तर हात एवढ्या दिशांना फिरतो. तो गोळा जागेवर धरून ठेवायचं काम चार छोटे स्नायू करतात: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. ते निघतात फऱ्यापासून, म्हणजे पाठीवरच्या त्या तिकोनी चपट्या हाडापासून. चाळिशी-पन्नाशीनंतरच्या बऱ्याचशा खांदेदुखीचं मूळ या कफच्या कंडरांमध्ये, म्हणजे टेंडनमध्ये असतं. फ्रोजन शोल्डर हा वेगळा आजार, मधुमेह्यांमध्ये जास्त दिसतो. त्याबद्दल आज फारसं बोलणार नाही.

१९७२ साली अमेरिकेतल्या चार्ल्स नीअर या सर्जननी मांडलं की वरचं हाड या कंडरांवर घासतं आणि त्यामुळे दुखतं. मग ते हाड थोडं तासायचं, हे ऑपरेशन जगभर रुळलं. पुढे दुर्बिणीतून होऊ लागलं, तसं फार वाढलं. आणि मग प्रश्न आला: ऑपरेशन की व्यायाम? १९९३ साली नॉर्वेत १२५ रुग्णांवर चाचणी झाली: ऑपरेशन, देखरेखीखालचा व्यायाम आणि लेझरचा नुसता देखावा, असे तीन गट. ऑपरेशन आणि व्यायाम दोन्ही देखाव्यापेक्षा सरस ठरले. २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये ब्रिटनची मोठी चाचणी आली. ३२ हॉस्पिटलं, ३१३ रुग्ण. हाड तासलेल्यांना नुसती दुर्बीण घालून बाहेर काढलेल्यांपेक्षा जास्त काही मिळालं नाही. त्याच वर्षी फिनलंडहून आलेला निकालही त्याच अंगाने जाणारा होता.

म्हणजे ऑपरेशनचं पारडं हलकं झालं आणि सगळी भिस्त व्यायामावर आली. ज्या उपचारावर एवढी भिस्त, त्याचं वर्णन एका ओळीत?

आता जी चाचणी सांगते ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घालवणार आहे. स्वीडनमधल्या लिंकोपिंगला थेरेसा होल्मग्रेन या फिजिओथेरपिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली; २०१२ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आली. १०२ रुग्ण होते, आणि ते सगळे ऑपरेशनच्या प्रतीक्षायादीतले. सहा महिन्यांहून जास्त दुखणं, आणि आधीच्या बिनऑपरेशनच्या उपचारांनी गुण न आलेले. आपल्या पोळीभाजीच्या बाईंसारखेच, हातात कागद घेऊन आलेले.

सगळ्यांना सुरुवातीला खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. मग दोन गट केले. दोन्ही गटांना बारा आठवडे व्यायाम. एका गटाला मान आणि खांद्याच्या साध्या हालचाली आणि ताण, बाहेरून कुठलाही भार नाही. दुसऱ्या गटाला नेमकेपणाने ठरवलेला कार्यक्रम: रोटेटर कफसाठी दोन व्यायाम, ज्यांत स्नायू लांबत जाताना त्याच्यावर भार येतो, फऱ्याला धरून ठेवणाऱ्या स्नायूंसाठी तीन, आणि खांद्याच्या मागच्या बाजूचा एक ताण. बळकटीचे व्यायाम १५ वेळा, ३ सेट, दिवसातून दोनदा, आठ आठवडे. नंतरचे चार आठवडे दिवसातून एकदा. ताण ३० ते ६० सेकंद, तीनदा.

आणि दुखण्याचं काय? तेही लिहिलंय. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर व्यायाम करताना पाचपर्यंत दुखलं तर चालेल. मात्र पुढच्या वेळी व्यायामाला उभं राहण्याआधी ते दुखणं पूर्वीच्या पातळीवर उतरलेलं असलं पाहिजे. केवढी मोठी गोष्ट आहे ही! ‘दुखलं की थांबा’ आणि ‘पाचपर्यंत दुखू द्या’ या दोन सूचनांनी व्यायामाची अख्खी जात बदलते.

बारा आठवड्यांनंतर रुग्णांना विचारलं, अजून ऑपरेशन हवंय का? साध्या हालचालींच्या गटात ६३ टक्के हो म्हणाले. दुसऱ्या गटात २० टक्के.

विद्यार्थ्यांनो, इथे जरा थांबा. दोन्ही गट ‘व्यायाम’ करत होते. वर्तमानपत्रात या दोन्हींबद्दल एकच शब्द छापला जाईल, आपल्या केस पेपरवरही एकच शब्द लिहिला जाईल. आणि फरक मात्र ६३ आणि २०चा. कुणी म्हणेल, एकाच ठिकाणची, शंभर माणसांची चाचणी, इंजेक्शनही दिलेलं. बरोबर आहे. एका चाचणीवर इमारत उभी करू नये. पण ही चाचणी आपल्याला पुन्हा करून पाहता येते, तपासता येते, चुकीची ठरवता येते. कारण काय केलं ते त्यांनी लिहून ठेवलंय.

आता भाराबद्दल. आपल्या हाताचं वजन शरीराच्या साधारण पाच टक्के. साठ किलोच्या माणसाचा एक हात सुमारे तीन किलोचा. हात सरळ बाजूला, खांद्याच्या रेषेत धरला तर ते वजन जणू कोपराजवळ टांगलंय असं समजा. त्या हातात अर्ध्या लिटरची बाटली दिली, तर ती खांद्यापासून दुप्पट लांब आहे, म्हणून तिचा परिणाम एक किलो कोपराजवळ टांगल्याइतका होतो. ढोबळ हिशेबाने खांद्याचं काम एक-तृतीयांशाने वाढलं. आता कोपर वाकवा, तीच बाटली खांद्याच्या जवळ आली, काम एकदम कमी झालं. आणि बाई करत होत्या तसा हात खाली लोंबता सोडला, तर उचलणाऱ्या स्नायूंना त्या बाटलीचं काहीच ओझं नाही, उलट तिच्या वजनाने सांध्याला ओढ बसते. म्हणजे ‘अर्ध्या किलोने व्यायाम’ हेसुद्धा अपुरं वर्णन झालं. कुठल्या कोनात, कोपर सरळ की वाकलेलं, उभं राहून की कुशीवर झोपून, वर नेताना किती वेळ आणि खाली आणताना किती वेळ, हे सगळं त्या अर्ध्या किलोचा अर्थ ठरवतं.

रबरी पट्ट्यांचं तर आणखी अवघड. निबंधात लिहितात, ‘लाल पट्ट्याने व्यायाम दिला.’ थेराबँडच्या लाल पट्ट्याचं उदाहरण घ्या. तो ताणून मूळ लांबीच्या दुप्पट केला की सुमारे १.७ किलोइतका ओढतो. तिप्पट केला तर सुमारे अडीच किलो. पट्टा तोच, रंग तोच. हातात तोकडा धरला की ताण वाढला, सैल धरला की कमी झाला. दुसऱ्या कंपनीचा लाल तर वेगळाच असू शकतो. वजनाचा डंबेल हात आडवा असताना सगळ्यात जड लागतो, पट्टा शेवटाकडे जड लागतो. हे सगळं ‘लाल’ या एका शब्दात कसं मावेल?

माझे आजोबा कोल्हापुरात तालमीत जायचे. मुद्गल फिरवायचे. मुद्गल फिरवणं हा खांद्याचाच व्यायाम, आणि आपल्याकडे तो किती पिढ्या चालत आला असेल! ते सांगायचे, वस्ताद नव्या पोराला जोडीला हात लावू द्यायचे नाहीत. आधी जोर-बैठका, मग हलकी जोडी, तिचे ठरावीक हात. मनगट सैल पडतंय का, कंबर हलतेय का हे बघूनच पुढची जोडी. खांदा भरून आला तर दुसऱ्या दिवशी किती कमी करायचं तेही ठरलेलं. कागदावर एक अक्षर नव्हतं, पण मोजमाप पक्कं होतं, आणि ते वस्तादांकडून पठ्ठ्याकडे समोरासमोर जायचं. चाचणीचा निबंध वाचणारा फिजिओ मात्र समोर उभा नसतो. तो दुसऱ्या देशात, दहा वर्षांनी वाचतो. त्याला लिखाणाशिवाय दुसरा वस्ताद नाही.

आपल्या कागदावरचे ते ‘१० वेळा’ कुठून आले असतील? मला वाटतं, थॉमस डीलॉर्म यांच्यापासून. १९४५ साली, महायुद्धात जखमी होऊन आलेल्या सैनिकांवर शिकागोच्या लष्करी हॉस्पिटलात काम करणारे हे डॉक्टर. तोपर्यंत हलक्या वजनाने पुष्कळ वेळा करा, असा रिवाज होता. त्यांनी तो उलटा केला. त्यांचं माप होतं: जे वजन नेटाने दहाच वेळा उचलता येतं, अकराव्या वेळी येत नाही, ते वजन. पुढे १९४८ साली आर्थर वॉटकिन्स यांच्यासोबत त्यांनी तीन सेटची पद्धत मांडली: पहिल्यांदा त्या वजनाच्या निम्म्याने दहा वेळा, मग पाऊण वजनाने, मग पूर्ण वजनाने. म्हणजे ‘दहा’ हा आकडा वजनाला बांधलेला होता. आपण आकडा ठेवला आणि वजन गाळलं. औषधाच्या चिठ्ठीवर ‘१० गोळ्या’ लिहिलं आणि कुठल्या, किती मिलिग्रॅमच्या ते लिहिलंच नाही, तर केमिस्ट आपल्याला परत पाठवेल. व्यायामाच्या चिठ्ठीला कुणी परत पाठवत नाही.

ही त्रुटी एकट्या खांद्याची नाही. चाचण्यांच्या लिखाणासाठी कन्सॉर्ट नावाची नियमावली १९९६ पासून आहे. तिच्या २०१० च्या आवृत्तीतही म्हटलंय की उपचार असा लिहा की दुसऱ्याला तो पुन्हा करता येईल. पण पंचवीस कलमांतलं ते एक कलम. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या टॅमी हॉफमन आणि सहकाऱ्यांनी औषधांखेरीजचे उपचार तपासले: १३३ चाचण्या, त्यांतले १३७ उपचार. पुरेसं वर्णन होतं फक्त ३९ टक्क्यांचं. मग त्यांनी लेखकांना पत्रं पाठवली, राहिलेली माहिती मागितली. तरी आकडा गेला ५९ टक्क्यांवर. म्हणजे मूळ लेखकांना विचारूनसुद्धा दहातल्या चार उपचारांचा पत्ता लागला नाही! कुणी उत्तर दिलं नाही, कुणी दिलं पण अपुरं. इतक्या लोकांनी घाम गाळला, सही करून संमती दिली, सरकारी किंवा देणगीचा पैसा खर्च झाला, आणि काय केलं तेच कुणाला ठाऊक नाही. मला हे फार लागतं. चाचणीत भाग घेणारा माणूस आपला वेळ आणि आपलं दुखणं देतो, पुढच्या माणसाला उपयोग व्हावा म्हणून. त्या देण्याशी हे प्रामाणिक नाही.

२०१४ साली त्याच गटाच्या पुढाकाराने टायडर नावाची बारा कलमांची यादी आली, सगळ्याच उपचारांसाठी. आणि २०१६ साली खास व्यायामासाठीची यादी आली, तिचं नाव सर्ट. मेलबर्नच्या सुझन स्लेड आणि त्यांच्यासोबतच्या तज्ज्ञांनी सहमतीने ठरवलेली. सोळा कलमं, त्यांतल्या तिघांचे दोन-दोन भाग, म्हणून एकूण एकोणीस प्रश्न. सगळे वाचून दाखवत नाही, ते तुम्हाला सहज मिळतील. साधनं कुठली, शिकवणारा कोण, एकट्याने की गटात, असे काही प्रश्न सरळ आहेत. मला ज्या प्रश्नांवर बोट ठेवायचंय ते वेगळे.

एक, सुरुवात कुठून करायची हे कशावरून ठरवलं? दोन, पुढची पायरी कधी, कुठल्या नियमाने? हे दोन प्रश्न म्हणजे व्यायामाचा गाभा. वस्ताद जोडी बदलायचे ते कशावरून? ‘हळूहळू वाढवलं’ एवढं लिहिलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. ‘हळूहळू’ म्हणजे काय? १५ वेळा सहज जमू लागलं की अर्धा किलो वाढवायचा, असं लिहा. की रुग्णाला सांगितलं, शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत? मग तसं लिहा.

तिसरा प्रश्न त्रास किती जणांना झाला हा. औषधाच्या चाचणीत पुरळ उठलं तरी नोंद होते. व्यायामानंतर दोन रात्री झोप लागली नाही, याची नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते. व्यायाम म्हणजे निरुपद्रवीच, असं आपण धरून चालतो.

आणि चौथा, सांगितलेलं प्रत्यक्षात किती घडलं? रुग्णाने घरी किती केलं आणि फिजिओने ठरल्याप्रमाणे दिलं का, दोन्ही. हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. रुग्णांना वही देतात, रोज खूण करा म्हणून. बावीस वर्षांच्या कामात मी अशा किती वह्या पाहिल्या आहेत, ज्यांतल्या तीन आठवड्यांच्या खुणा एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकाच बसणीत केलेल्या असतात. मी कुणाला बोल लावत नाही. घरचं काम, नोकरी, दुखणं, सगळं सांभाळून माणसं येतात, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून खुणा करतात. पण ज्या चाचणीत निम्म्या लोकांनी व्यायाम केलाच नाही, तिचा निष्कर्ष ‘व्यायामाचा फायदा नाही’ असा छापला गेला, तर तो निष्कर्ष कशाचा आहे?

२०१९ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी ही सर्टची फूटपट्टी रोटेटर कफच्या चाचण्यांना लावून पाहिली. बहुतेक चाचण्यांना निम्मे गुणही मिळाले नाहीत. त्याआधी २०१६ साली, अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा आढावा आला होता, हाताने केलेले उपचार आणि व्यायाम यांच्यावर: ६० चाचण्या, ३६२० रुग्ण. साठातली एकच चाचणी अशी सापडली, जिच्यात आजच्या पद्धतीचे उपचार-व्यायाम एकत्र देऊन त्यांची तुलना नुसत्या देखाव्याशी केली होती. ती ऑस्ट्रेलियातली, १२० रुग्णांची. साठ चाचण्यांची बेरीज करायला बसावं आणि प्रत्येकीतला ‘व्यायाम’ निराळा, त्यातही कितीतरींत तो काय होता ते अंधारात. बेरीज कसली करणार?

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी व्यायामाची वकिली करतेय असं वाटेल. नीट लिहिलेली चाचणी व्यायामाच्या बाजूनेच निकाल देते असं नाही. ब्रिटनची ग्रास्प चाचणी घ्या, लॅन्सेट, २०२१. ७०८ रुग्ण. एका गटाला फिजिओबरोबर जास्तीत जास्त सहा भेटी, सोळा आठवडे, पायरीपायरीने वाढणारा व्यायाम. दुसऱ्या गटाला फिजिओची एकच भेट, पण ती तासाभरापर्यंतची: नीट समजावून सांगणं, घरी करायचे व्यायाम, पुस्तिका. दोन्हींत काही जणांना इंजेक्शन, काहींना नाही. वर्षभरात दोन्ही गटांच्या दुखण्यात आणि हालचालीत फरक दिसला नाही. इंजेक्शननेही टिकाऊ फायदा दिला नाही.

माझ्यासारख्या, सहा-सहा भेटी देणाऱ्या फिजिओला हा निकाल पचायला जड गेला. पण मला तो मानावा लागतो, आणि का मानावा लागतो? त्यांनी दोन्ही गटांना काय दिलं ते उघड्यावर मांडलंय. व्यायाम कसे निवडले, कसे वाढवले, एका भेटीत काय काय झालं, हे वाचता येतं. वाचल्यावर कळतं की ‘फक्त सल्ला’ म्हणून ज्याची बोळवण होईल, ती गोष्ट प्रत्यक्षात फार विचाराने बांधलेला एक तास होता. आपल्याकडे ओपीडीत सात मिनिटांत कागद हातात पडतो. तो सल्ला आणि हा सल्ला एक नव्हे. वर्णन नसतं, तर उद्या कुणीही म्हणालं असतं, बघा, कागद दिला तरी पुरतं.

यावरून ज्याच्याशी तुलना केली त्या गटाकडे येते. आपल्या देशातल्या निबंधांत आणि प्रबंधांत एक शब्दप्रयोग मला सतत भेटतो: ‘कन्व्हेन्शनल फिजिओथेरपी’, म्हणजे नेहमीची, रूढ फिजिओथेरपी. नवा उपचार चार ओळींत वर्णन केलेला असतो, आणि दुसऱ्या गटाला ‘कन्व्हेन्शनल’. कुणाचं कन्व्हेन्शन? एका कॉलेजात त्याचा अर्थ शेक आणि पुली, दुसऱ्यात डंबेल आणि पट्टे. नवा उपचार सरस ठरला, पण कशापेक्षा सरस? विद्यार्थ्यांनो, तुमच्यातले बरेच जण पदव्युत्तर प्रबंधासाठी चाचणी कराल. तिची नोंद आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीत कराल. २००७ पासून ही नोंदवही सुरू आहे, कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. तिथे उपचाराचा आणि तुलनेच्या गटाचा, दोन्ही रकाने आहेत. पहिला रुग्ण घेण्याआधीच ते भरायचे असतात, म्हणून ते नीट भरण्याला मोल आहे. ‘कन्व्हेन्शनल’ हा शब्द तिथे लिहू नका. व्यायामांची नावं, सेट, भार, वाढवण्याचा नियम लिहा.

मला माहितीय तुम्ही काय म्हणाल. जर्नल शब्दमर्यादा घालतं. खरंय, पण आता बहुतेक जर्नलं निबंधासोबत वेगळी पुरवणी ऑनलाइन ठेवू देतात. फोटो ठेवा, मोबाइलवर काढलेला व्हिडिओ ठेवा. दुसरं म्हणाल, प्रत्येक रुग्णाला वेगळा व्यायाम लागतो, तो आधी लिहायचा कसा? हा आक्षेप अनुभवी लोकही घेतात, आणि त्यात तथ्य आहे. पण व्यायाम माणसागणिक बदलला, तर कशावरून बदलला हे सांगता आलं पाहिजे. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतल्या बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या. त्या स्वरलिपीत गायकी उतरत नाही, हे त्यांनाही माहीत असणारच. तरी त्यांनी लिहिलं, म्हणून आज कुठल्याही गावातला विद्यार्थी ती बंदीश शिकायला सुरुवात करू शकतो. फिजिओचा हात, त्याची नजर, धीर देणारं त्याचं बोलणं कागदावर येणार नाही. व्यायाम, भार आणि नियम येतील.

एक सावधगिरी मात्र बाळगा. सर्टची यादी लिखाण तपासते, व्यायाम तपासत नाही. एकोणीसपैकी एकोणीस गुण मिळवलेला व्यायामही निरुपयोगी असू शकतो. तो निरुपयोगी आहे हे निदान कळेल, एवढंच.

ज्यांचा खांदा दुखतोय, त्यांना थोडं सांगते. व्यायामाचा कागद हातात पडला की तिथेच चार गोष्टी विचारून घ्या, संकोच करू नका. किती जड असायला हवं? किती दुखलं तर चालेल? कधी वाढवायचं? आणि किती आठवड्यांनी गुण नाही आला तर परत यायचं? डॉक्टरांना किंवा फिजिओला उत्तर देता आलं नाही तर त्यांना वेळ द्या, पण उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.

पोळीभाजीच्या बाईंना मी नवा कागद लिहून दिला. होल्मग्रेन यांच्या कार्यक्रमावर बेतलेला, त्यांच्या दिवसाला बसेल असा. पहाटे कणीक भिजवायच्या आधी एक वेळ, दुपारी केंद्र बंद झाल्यावर एक वेळ. पाचपर्यंत दुखू द्यायचं. भाराची सुरुवात कुशीवर झोपून, एक किलोच्या मिठाच्या पुड्याने, कोपर वाकवून. पहिला आठवडा त्यांना जड गेला, दोनदा फोन आला. चौथ्या आठवड्यात दीड किलो. बाराव्या आठवड्यात वेणी स्वतः घालून आल्या होत्या. ऑपरेशन केलं नाही. एका बाईंवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मी जाणते. कदाचित वेळ गेला म्हणूनही बरं वाटलं असेल. चाचण्या लागतात त्या एवढ्यासाठीच.

मी पिशवीत तीन पट्टे आणलेत, सगळे लाल, तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि एक छोटा लटकवायचा काटा. पुढच्या ओळीपासून सुरुवात करू. प्रत्येकाने तिन्ही पट्टे एकाच लांबीपर्यंत ओढा, काटा काय दाखवतो ते मोठ्याने सांगा, कुणीतरी फळ्यावर लिहा. मग प्रश्न घेऊ.